उत्तरायुष्य : आरोग्य आणि आनंद

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात ज्येष्ठ सभासदांच्या सत्काराप्रसंगी दिलेले व्याख्यान)



ज्यांनी ऐंशी पावसाळे पाहिले त्यांच्यासमोर उभे राहून वार्धक्यावर बोलणे म्हणजे काशीस गंगेची कावड घेऊन जाण्यासारखेच आहे. तथापि कार्यकारी मंडळाची आज्ञा मोडवत नाही, आणि वैद्यकीचा व्यवसाय करीत असल्यामुळे वृद्धांचा सहवास मला पुष्कळ घडला आहे. शिवाय आजचे माझे बोलणे पुढच्या रांगेपेक्षा मागच्या रांगांतील मुला-सुनांना, लेकी-जावयांना अधिक उद्देशून आहे. पानांची तयारी पाहण्यासाठी त्यांतील काहीजण उठण्याच्या बेतात दिसतात. त्यांनी घटकाभर बसावे अशी विनंती आहे.

1951 ते 1961 या दशकात आपल्या देशातील सरासरी आयुर्मान सुमारे 41 वर्षे धरले जात असे. आज ते सत्तरीच्या घरात आहे. यातील मोठा वाटा बालमृत्यू घटल्याचा आहे, हे खरे. पूर्वीही बालपणीची संकटे पार पडलेली माणसे सत्तरी गाठीत होतीच. परंतु पूर्वी वाड्यात एखादेच आजोबा असत, आता प्रत्येक बिऱ्हाडात एक-दोन वडीलधारी माणसे असतात. 2011 च्या जनगणनेत साठी उलटलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर गेली होती. सेवानिवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य हाती उरते. एवढ्या दीर्घ काळाचे करायचे काय, याचा विचार आपल्या कुटुंबांतून फारसा होत नाही. विचाराच्या जागी एक वाक्य मात्र ठरलेले असते : “आता तुम्ही बसा.”

हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते, यात मला संशय नाही. “आई, तुम्ही बसा, मी करते.” “बाबा, भाजी मी आणतो, तुम्ही कशाला जिना उतरता?” परंतु माझ्या अनुभवात कित्येक रोगांनी केले नसेल इतके नुकसान या आदरयुक्त वाक्याने केलेले आहे.

त्याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. वयाबरोबर स्नायूंचे मांस आणि त्याहूनही त्वरेने त्यांतील बळ उतरू लागते. तरुण मनुष्य आठवडाभर अंथरुणास खिळला तरी महिन्याभरात पूर्ववत होतो. वृद्धाने तेवढ्याच काळात गमावलेले बळ पुष्कळदा पुरते परत येत नाही. न वापरलेला पाय हा खर्च न केलेल्या पैशाप्रमाणे शिल्लक राहत नाही, तो आटत जातो. एका घरातील अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी मला आठवतात. मोरीत त्यांचा पाय किंचित घसरला. हाड मोडले नाही, मुका मार बसला. घरच्यांनी घाबरून त्यांचे स्वयंपाकघर बंद केले, देवळात जाणे बंद केले, पाणी हातात आणून देण्यास प्रारंभ केला. सहा महिन्यांनी आधारावाचून खुर्चीतून उठणे त्यांना जमेना. घरची मंडळी म्हणाली, “वयच झाले.” वय सहाच महिन्यांनी वाढले होते.

येथे आपल्या जुन्या राहणीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पाटावर मांडी घालून जेवावे, जेवून उठावे, देवापुढे बसावे, पुन्हा उठावे, असा व्यायाम आपल्या वाडवडिलांना दिवसातून दहा-वीस वेळा सहज घडे. ब्राझीलमधील वैद्यांनी 51 ते 80 वयाच्या सुमारे दोन हजार स्त्री-पुरुषांस जमिनीवर बसून उठावयास सांगितले आणि हाताचा, गुडघ्याचा आधार किती लागतो त्यावरून गुण दिले. तो अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना फार आधार लागला त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळ अधिक आढळले. यावरून मांडी घातल्याने आयुष्य वाढते, असा अर्थ कोणी काढू नये. बसून उठण्यात पायांचे बळ, सांध्यांची लवचिकता आणि तोल या तिहींची एकदम परीक्षा होते, एवढेच यातून दिसते. ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांनी हा हट्ट धरू नये. त्यांनी हात न टेकता खुर्चीतून आठ-दहा वेळा उठावे, बसावे; तेही उत्तम. ज्यांना अद्याप खाली बसता येते, त्यांना मात्र पंगतीत “तुम्ही टेबलावर बसा” म्हणून उठवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पासष्टीनंतरही आठवड्यास किमान दीडशे मिनिटे हालचाल असावी, आणि तोल व बळ वाढविणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी असावेत. नुसते फिरणे पुरत नाही, हे आपल्या बागेत फेऱ्या मारणाऱ्या मंडळींनी ध्यानी घ्यावे. त्यातही अर्धा वेळ बाकावर राजकारणात जातो. भिंतीशेजारी उभे राहून एका पायावर क्षणभर तोल सावरावा, टाचा उचलाव्यात. याला ना पैसा लागतो ना व्यायामशाळा.

पडण्याचे भय खरे आहे, ते मी हलके करीत नाही. खुब्याचे हाड मोडले म्हणजे कित्येकांचे घराबाहेरचे आयुष्य तेथेच संपते. परंतु त्यावर उपाय माणसाला बसविणे हा नव्हे, घर सुधारणे हा आहे. मोरीत व शौचकूपात भिंतीला धरावयाची दांडी, रात्री वाटेवर मंद दिवा, घसरत्या सतरंज्यांची रवानगी माळ्यावर, आणि पायात घट्ट बसणारी चप्पल. रात्री उठताना पाय खाली सोडून अंथरुणाच्या कडेला मिनिटभर बसावे, मगच उभे राहावे. रक्तदाबाच्या औषधांनी उभे राहताच भोवळ येण्याचा संभव असतो. झोपेच्या गोळ्यांनीही तोल जातो. तीन डॉक्टरांची औषधे एकाच डब्यात नांदत असतील, तर तो सगळा डबाच एकदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे नेऊन ठेवावा.

आहाराविषयी थोडक्यात. “म्हाताऱ्या माणसाला काय लागते, दूधभात पुरे,” ही समजूत चुकीची आहे. वृद्धांची भूक कमी होते, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. दर किलो वजनामागे दिवसास एक ते सव्वा ग्रॅम असावे, असे तज्ज्ञांचे मत आहे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी अर्थातच वैद्यास विचारावे. मऊ शिजविलेली मुगाची उसळ, पिठले, दही-ताक, चालत असल्यास अंडे-मासळी, हे सारे आपल्याच स्वयंपाकघरातले आहे. चहा-खारीवर संध्याकाळ काढणाऱ्यांच्या पोटी काही पडत नाही. शाकाहारी मंडळींत ब-12 जीवनसत्त्वाची उणीव फार आढळते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसर पडणे हे केवळ वयाचे म्हणून सोडून न देता रक्त तपासून घ्यावे.

आता कानांविषयी. चष्मा लावावयास आपण कोणी लाजत नाही. किंबहुना चष्म्याने मनुष्य विद्वान दिसतो. श्रवणयंत्राचे नाव काढले की मात्र मोठमोठी धीराची माणसे मागे सरतात. ऐकू येत नाही म्हणून मनुष्य संभाषणातून दूर होतो, घरचीही मोठ्याने बोलण्याचा कंटाळा करतात, आणि भरल्या घरात एकटेपण सुरू होते. 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत बहिरेपणा आहे, एकटेपण आहे आणि व्यायामाचा अभावही आहे. कानास यंत्र लावणे हा नटण्याचा वा लाजण्याचा प्रश्न नाही, बुद्धी शाबूत ठेवण्याचा आहे.

शरीर राखले, पण कशासाठी? महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1929 मध्ये सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका व जपानचा प्रवास केला. 1936 मध्ये खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. 1944 मध्ये शहाऐंशीव्या वर्षी समता संघ स्थापिला. एकशेचार वर्षे जगून ते 1962 मध्ये वारले. (1893 मधील पुनर्विवाहामुळे याच पुरुषावर गावच्या ज्ञातिबांधवांनी बहिष्कार घातला होता, हे ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलताना विसरू नये.) पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी ऐंशी उलटल्यावर औंध सोडून गुजरातेतील पारडी येथे नव्याने संसार मांडला आणि पुढे वीस वर्षे वेदांचे काम केले. सर्वांना असे आयुष्य व असे कार्य लाभत नाही. परंतु “तुमची गरज नाही” असे या थोरांना कोणी म्हटले नाही, आणि म्हटले असते तर त्यांनी ऐकले नसते.

आपल्या पूर्वजांनी वानप्रस्थ सांगितला, त्याचा अर्थ मी असा घेतो : किल्ल्या सोडाव्यात, काम सोडू नये. आपल्याकडे नेमके उलटे घडते. वडील मंडळी किल्ल्या घट्ट धरतात आणि काम सोडतात; सुनेच्या फोडणीवर देखरेख हा त्यांचा एकमेव उद्योग होतो. त्यापेक्षा बाहेर पडावे. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पुऱ्या झालेल्यांना राज्यात एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला आहे. कुलदैवताचे दर्शन, जुन्या मित्राची भेट, पाहिलेले नसलेले गाव, यांसाठी कोणाची परवानगी कशाला? मुलांनीही “एकटे कुठे जाता” म्हणून वाट अडवू नये. खिशात नाव-पत्त्याची व औषधांची चिठ्ठी घालून निरोप द्यावा.

अखेरीस एक सूचना. आज शाल आणि श्रीफळ देऊन आपण या अकरा जणांस पुन्हा खुर्चीवर बसविले. मी म्हणतो, त्यांना काम द्यावे. आपल्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचे काम माणसांअभावी रखडले आहे. जुन्या पिढीची नाती, गावे, आडनावांची स्थलांतरे ज्यांना मुखोद्गत आहेत ती माणसे पहिल्या रांगेत बसली आहेत. शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननीही निवृत्त शिक्षकांकडे सोपविता येईल. कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे, ते तळमजल्यावर आणू अशी सूचना मघाशी कोणी केली. जिन्याला दोन्ही बाजूंस कठडा लावावा आणि कार्यालय आहे तेथेच राहू द्यावे. ज्यांना जिना खरोखरच झेपत नाही त्यांच्या घरी मुद्रिते पोहोचविण्याचे काम आपली तरुण मंडळी आनंदाने करतील. इच्छुकांनी जेवणापूर्वी आपली नावे चिटणीसांकडे द्यावीत.