पाया, माती आणि भूकंप
(जीर्णोद्धार समारंभानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाच्या जीर्णोद्धारप्रसंगी कळसाविषयी पुष्कळ बोलले जाते, पायाविषयी फारसे कोणी बोलत नाही. कळस दिसतो, पाया दिसत नाही, एवढेच त्याचे कारण. परंतु धाराशिव जिल्ह्यातील माणसाला तरी पायाचा आणि त्याखालच्या मातीचा विचार टाळता येण्यासारखा नाही.

दि. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती विसर्जन करून लोक उशिरा निजलेले. चार वाजावयास काही मिनिटे कमी असताना जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर, होळी, पेठसांगवी ही व आजूबाजूची गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे दगावली. पुढे बावन्न गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवावी लागली. कळंब हे किल्लारीपासून सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर. हादरा इकडेही जाणवला, पण गावे उभी राहिली.

विशेष म्हणजे त्या वेळी हा सारा मुलूख सरकारी नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे अढळ, अशी समजूत होती. १९६७ साली कोयनेला भूकंप झाला तेव्हा बोट धरणाकडे दाखविले गेले. किल्लारीने ती समजूत मोडली. पुढे तेथे शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतले, तेव्हा काळ्या पाषाणाचा थर ३३८ मीटर जाडीचा भरला. त्याखाली गाळाचा पातळ थर व मग फार प्राचीन खडक लागला. हालचाल झाली ती त्या खालच्या खडकात. २००२ साली मानके सुधारली, त्यात पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

आता मातीचे काम काय ते पाहू. भूकंपाची लाट खडकातून वेगाने जाते. ती मऊ मातीत शिरली की तिचा वेग कमी होतो आणि मग तिची उंची वाढते, म्हणजे जमीन अधिक हेलकावते. पक्क्या सडकेवरून चाललेली बैलगाडी ढेकळांच्या रानात उतरली की वेग मंदावतो पण आत बसलेल्याला धक्के मोठे बसतात, तसाच काहीसा हा प्रकार. दुसरे असे की, प्रत्येक जमिनीला आणि प्रत्येक इमारतीला स्वतःचा एक झोका असतो. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला तर तो चढत जातो, भलत्या वेळी दिला तर थांबतो. मऊ मातीचा थर खोल असेल तर जमिनीचा झोका संथ असतो, आणि संथ झोका उंच इमारतींना लागतो. मेक्सिको शहरात १९८५ च्या १९ सप्टेंबरला हेच झाले. भूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर, समुद्रकिनाऱ्याकडे. पण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या चिखलावर वसलेला. तेथील मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या आणि शेजारची एक-दोन मजली जुनी दगडी बांधकामे बहुतेक वाचली. आपल्या जवळचे उदाहरण २६ जानेवारी २००१ चे. भुजकडील भूकंपाने दूरच्या अहमदाबादेत साबरमतीच्या गाळावरील कित्येक बहुमजली इमारती पडल्या. त्यांत बांधकामाचे दोषही होते, हे सांगितलेच पाहिजे.

यावरून कोणी म्हणेल, गावात उंच इमारती नाहीत, मग भीती कसली? तसे नाही. कळंब तालुक्याच्या रानात काळी माती बहुधा काही फुटांपासून काही मीटरपर्यंत आणि तिच्या खाली मुरूम व पाषाण. असा पातळ थर जलद झोका देतो, आणि जलद झोका ठेंगण्या, ताठ दगडी बांधकामाला लागतो. घर, वाडा, देऊळ ही सारी त्याच जातीची. मांजरा नदीकाठी गाळ अधिक, तेथे हिशेब निराळा. नदीकाठी पाण्याने भरलेली बारीक वाळू असेल तर ती हादऱ्यात पातळ होऊन वाहू लागते, असे १९३४ साली उत्तर बिहारात पुष्कळ ठिकाणी झाले. काळी माती तशी वाहत नाही. तिचा दोष वेगळा आहे.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. वर्षानुवर्षे ती पाया उचलते आणि सोडते. म्हणून भिंतीला कोपऱ्यातून, चौकटीच्या डोक्यावरून तिरप्या चिरा पडतात. त्या चिरा दरसाल चुन्याने लिंपल्या जातात आणि दिसेनाशा होतात. भूकंप येतो तेव्हा भिंत आधीच फाटलेली असते.

जुन्या लोकांनी वस्ती पांढरीत आणि शेती काळीत, असा भेद केला होता. तो शहाणपणाचा होता, पण पांढर म्हणजे पक्की जमीन असेही समजू नये. पांढर ही पिढ्यान् पिढ्या पडलेल्या घरांची माती, राख, उकिरडा यांचा भराव आहे. आता गावठाण अपुरे पडल्याने लोक काळीत प्लॉट पाडतात ते वेगळेच. दोन्ही ठिकाणी भरवसा एकाच गोष्टीचा, आणि ती म्हणजे मुरूम. मुरूम लागेपर्यंत खणावे.

तथापि, किल्लारीच्या हानीचा सारा दोष पायाखालच्या मातीवर टाकणे न्यायाचे होणार नाही. भिंतीतली आणि डोक्यावरची माती अधिक घातक ठरली. भिंती दोन, तीन, कोठे त्याहूनही अधिक फूट जाड. बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही तोंडांना सांधणारा आरपार दगड क्वचितच. हादरा बसताच दोन्ही तोंडे सुटून पडली. वर माळवद. दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब खोलीवर एक फूट माती असेल तर तिचे वजन साठ क्विंटलांच्या वर भरते, आणि दर उन्हाळ्यात गळती बंद करण्यासाठी वर आणखी थर घातला जाई. कित्येक ठिकाणी लाकडी खण उभे राहिले आणि भिंती पडल्या, हेही लोकांनी पाहिले.

देवळाकडे वळू. पुरातन हेमाडपंती देवळे चुन्यावाचून, घडीव दगड सांधून उभारलेली, जोते भक्कम. ती टिकली म्हणून सर्व दगडी देवळे टिकतील, असा अर्थ काढू नये. अलीकडे जीर्णोद्धारात एक चूक वारंवार होते. जुन्या दगड-मातीच्या भिंती तशाच ठेवून त्यांच्यावर नवा सिमेंटचा स्लॅब आणि त्यावर उंच शिखर चढवितात. माळवदाचे वजन काढले खरे, पण भिंतीला न झेपणारे दुसरे वजन दिले. सप्ताहात सभामंडपात शेकडो माणसे बसतात, बायकामुले रात्री तेथेच निजतात. भिंत ठेवावयाची असेल तर स्लॅबाचा भार नव्या खांबांवर घ्यावा आणि त्या खांबांचे पाये मुरमात न्यावेत. भिंत नवी असेल तर जोत्यावर, दरवाजाच्या वर आणि छताखाली असे लोखंडी सळ्यांचे काँक्रीटचे पट्टे चारही भिंतींवरून अखंड फिरवावेत. पुनर्वसित गावांतील घरांना असेच पट्टे आहेत. कोपरा हा सर्वांत दुबळा भाग, तेथे सळई तोडू नये.

खर्च वाढतो, ही तक्रार खरी आहे. पण शिखराची उंची दोन हातांनी कमी केली तर तेवढ्यात पट्टा निघतो, असा हिशेब कोणत्याही गवंड्याकडून करून घेता येईल.

काम सुरू करण्यापूर्वी देवळाच्या चारही कोपऱ्यांशी एकेक खड्डा घ्यावा आणि मुरूम किती फुटांवर लागतो ते फळ्यावर लिहून ठेवावे. चार आकडे सारखे निघाले नाहीत तर पायऱ्यापायऱ्यांनी पाया खोल न्यावा, अर्धे देऊळ भरावावर आणि अर्धे मुरमावर ठेवू नये. खणलेली काळी माती पुन्हा पायात टाकू नये, मुरूम आणून कुटावा. पागोळ्यांचे आणि अभिषेकाचे पाणी जोत्याशी मुरू देऊ नये. त्यासाठी फरसबंदीला बाहेर उतार द्यावा आणि गटार ओढ्यापर्यंत न्यावे. हे काम पावसाळ्यापूर्वी झालेले बरे.