वेड्याचा अर्ज
(पंचवटीतल्या युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



इथनं काळाराम मंदिर हाकेच्या अंतरावर आहे. 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या मागं आपली माणसं त्या दारावर गेली. 1935 पर्यंत झगडली. दार उघडलं नाही. हक्क मागणाऱ्याला आधी माजलेला म्हणायचं आणि तेवढ्यानं भागलं नाही की डोकं फिरलेला म्हणायचं, ही या व्यवस्थेची जुनी खोड.

आज बोलायचंय ते खरंच डोकं फिरलेल्यांबद्दल. हसताय? हसा. आपल्या वस्तीत ज्याला पोरं दगड मारतात, ती पोरं आपलीच असतात.

माझ्या मावशीला एका दवाखान्यात ठेवलं होतं. नाव घेत नाही. उवा होतात म्हणून न विचारता तिचं डोकं भादरलं. ती म्हणाली, मला मारतात. वॉर्डातली बाई म्हणाली, आजारात असंच बडबडतात. झालं! तक्रार हेच आजाराचं लक्षण. चौकीवर आपल्या माणसाची फिर्याद 'पिऊन आलाय' म्हणून उडवतात, त्यातलाच हा प्रकार.

6 ऑगस्ट 2001. तामिळनाडूत एरवाडीला आग लागली, 28 मनोरुग्ण जळाले. बहुतेक साखळीला बांधलेले. त्यांनी त्या साखळीची तक्रार आदल्या दिवशी कुणाकडं करायची होती?

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आता त्याला उत्तर आहे. साखळी बंद. भूल न देता शॉक बंद. सक्तीनं डोकं भादरणं बंद. कलम 28 म्हणतं, सेवेत खोट असेल तर आधी दवाखान्याच्या प्रमुखाकडं तक्रार करा, तिथं नाही ऐकलं तर रिव्ह्यू बोर्डाकडं, तिथंही नाही तर राज्य प्राधिकरणाकडं. बोर्डाला फी नाही. अडचणीच्या वेळी भरती असलेल्या रुग्णाचा तोंडी किंवा फोनवरचा अर्जही बोर्ड घेऊ शकतं. म्हणजे अंगठेबहाद्दर आईसुद्धा तिथून बोलू शकते. रुग्णाची संमती असेल तर नोंदणी झालेली संस्था त्याच्या वतीनं अर्ज करते. वकील परवडत नसेल तर कायदेशीर मदत फुकट.

कागदावर हं! सरकारनं या यंत्रणा उभ्या करायलाच इतका उशीर लावला की प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. बरी झालेली माणसं वर्षानुवर्षं आतच पडून, घरचे न्यायला येत नाहीत. तिथं आपणही गुन्हेगार.

बोर्डावर दोन जागा रुग्ण, त्यांना सांभाळणारे किंवा संस्थांचे लोक यांच्यासाठी आहेत. आपल्या जिल्ह्यात तिथं कोण बसलंय, आपल्या वस्तीतलं कुणी आहे का, हे आधी विचारा.

आणि अर्ज लिहिताना 'मेहेरबानी करून' हा शब्द खोडा. तारीख, वॉर्ड, काय केलं, कुणी पाहिलं, एवढंच लिहा. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे ठेवा, सुधारू नका. पोच मागा. देत नसतील तर पोस्टानं धाडा आणि पावती जपा. ज्यांच्या घरचं कुणी आत आहे त्यांनी आता इथंच थांबा, कागद-पेन आणलंय.

जय भीम.