तंजावरी मराठी मंडळी आली कुठून?

कावेरीकाठी मराठी पोहोचली ती फौजेबरोबर. शहाजीराजांचे पुत्र, शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांना विजापूरच्या आदिलशहाने तंजावरला पाठवलं, ते मदुरेच्या नायकाला हुसकावून तिथल्या जुन्या घराण्याला गादी मिळवून द्यायला. व्यंकोजींनी काम फत्ते केलं आणि १६७६ च्या सुमारास गादी स्वतःच घेतली! मागोमाग कारकून, पुराणिक, कीर्तनकार आले, दरबारचे कागद मोडीत लिहिले जाऊ लागले.

व्यंकोजींचे पुत्र शहाजी १६८४ मध्ये गादीवर आले. त्यांनी तेलुगूबरोबर मराठीतही नाटकं लिहिली. मराठी नाटकाचा आरंभ १८४३ च्या सांगलीतल्या नाट्यप्रयोगापासून मोजणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

पण खरी नवलाई तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात आहे. राजराज चोळाने बांधलेल्या या मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. दगडावरची बखरच ती. आणि वेळ पाहा: १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलेला, राजांच्या हाती उरला होता जेमतेम किल्ला. राज्य जाताना आपण कोण, कुठले, हे लिहून ठेवावंसं त्यांना वाटलं असणार.

१८५५ मध्ये पुरुष वारस नाही म्हणून इंग्रजांनी गादीच खालसा केली. मंडळी मात्र तिथेच राहिली. त्यांच्यातली कितीतरी घरं आजही आपसात मराठी बोलतात, तमिळ वळणाची, आणि लिहिण्या-वाचण्याला तमिळ वापरतात.