बळाच्या रकान्यात किती आकडा?

(महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत पोटगी, आरोग्य, कौटुंबिक हिंसाचार असे विषय आहेत, आणि त्यांच्या मधेच माझ्या नावापुढे 'खेळ' असं लिहिलेलं पाहून काहीजणी हसल्या. मलाही हसू आलं. पण बाईने विरंगुळा म्हणून काही करावं, तेही स्वैपाक-भरतकामाच्या बाहेरचं, हीच गोष्ट आपल्याला अजून चमत्कारिक वाटते. म्हणून या विषयावर बोलायचं मी मुद्दाम ठरवलं.

मी चोपन्न वर्षांची आहे. दिवसभर सल्ला केंद्रात बसते आणि रात्री जेवणं आटोपली की तासभर कॉम्प्युटरवर 'आइसविंड डेल' नावाचा खेळ खेळते. हा २००० साली आलेला अमेरिकन खेळ. बर्फाळ मुलुख, संकटात सापडलेली गावं, राक्षस, जादू असा सगळा मामला. इतर बऱ्याच खेळांत तयार नायक मिळतो. इथे तसा मिळत नाही. सहाजणांपर्यंतची टोळी आपण स्वतः घडवायची. माझ्या टोळीत सहाही बायका आहेत.

एकेक माणूस घडवताना सहा रकाने भरायचे असतात: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि माणसांवर पडणारी छाप. कॉम्प्युटर फासे टाकतो आणि आकडे येतात. पसंत नसतील तर पुन्हा टाकायचे. एका रकान्यातला आकडा कमी करून दुसऱ्यात घालता येतो, एकूण बेरीज तीच राहते. मग काम ठरवायचं. कोणी लढणारी, कोणी जादू जाणणारी, कोणी कुलपं उघडणारी, कोणी जखमा बऱ्या करणारी पुजारीण. बार्ड म्हणजे गाणी म्हणून टोळीला हुरूप देणारी. मी तिला शाहिरीण म्हणते. शेवटी चेहरा, आवाज आणि नाव निवडायचं.

आता हे रकाने आले कुठून, ते सांगते, कारण त्यात आपला संबंध आहे. या सगळ्या खेळांचं मूळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत काढला. त्या पहिल्या पुस्तिकांत लढवय्याच्या भूमिकेचं नावच 'फायटिंग मॅन' होतं. १९७६ साली, म्हणजे आपल्याकडे समान वेतनाचा कायदा झाला त्याच वर्षी, या खेळाच्या 'द ड्रॅगन' मासिकात बायकांना खेळात कसं आणायचं यावर एक लेख आला. त्यात बायकांसाठी 'छाप' हा रकाना काढून 'सौंदर्य' हा रकाना सुचवला होता.

१९७८च्या नियमपुस्तकात तर तक्ताच दिला गेला. बळाचा आकडा १८ आला की लढवय्याने आणखी शंभराचा फासा टाकायचा. पुरुष शंभरापर्यंत जाऊ शकतो, बाई पन्नासाला थांबते. 'हाफलिंग' नावाच्या बुटक्या लोकांत पुरुषाच्या बळाची मर्यादा १७, बाईची १४. १९८८ साली 'पूल ऑफ रेडियन्स' हा याच नियमांवरचा कॉम्प्युटर खेळ आला, त्यातही ही मर्यादा तशीच उतरली.

या नियमाच्या बाजूने एकच युक्तिवाद असायचा: निसर्गच तसा आहे. ज्या जगात आगीचे गोळे फेकता येतात आणि मेलेला माणूस मंत्राने उठून बसतो, तिथे निसर्ग आठवतो तो नेमका बाईच्या दंडापाशी! हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. १९४८च्या कारखाना कायद्याने बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करायला मनाई केली, तेव्हाही भाषा बायकांच्या रक्षणाचीच होती. शेतात, वीटभट्टीवर, घरात रात्री राबणाऱ्या बाईचं रक्षण मात्र कोणाला आठवलं नाही.

पुढे काय झालं? १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत बायकांच्या बळावरची ही मर्यादा काढून टाकली. खेळ काही मोडला नाही. माझ्या 'आइसविंड डेल'मध्ये हेच दुसऱ्या आवृत्तीचे नियम आहेत, म्हणून माझी लढवय्यी कोणत्याही पुरुषाइतकी बळकट होऊ शकते. पण त्याच नियमांत दुसरी एक गोष्ट शिल्लक राहिली होती. खुजांच्या कुळात जन्मलेल्याला जादू शिकता येत नाही. 'पॅलाडिन' हा व्रतस्थ योद्धा फक्त मानवकुळातलाच. जन्मावरून धंदा! हे वाचल्यावर महाराष्ट्रातल्या बाईला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ही बंधनंही गेली. २०२४च्या पुस्तकात तर 'वंश' हा शब्दही बदलला, आणि बळ-बुद्धीतली वाढ जन्मकुळावरून न देता माणूस आधी काय करत होता, कुठे वाढला, त्यावरून द्यायचं ठरलं. म्हणजे बाईचं बळ एका तक्त्यातल्या ओळीने कमी केलं होतं आणि ती ओळ खोडल्यावर ते परत आलं. ओळ लिहिणारी माणसं होती, खोडणारीही माणसंच.

नियम सुधारले म्हणजे काम संपलं का? नाही. केंद्रात शनिवारी येणाऱ्या चौदा ते सतरा वयाच्या नऊ मुलींबरोबर मी हा खेळ कागदावर करून पाहिला. कॉम्प्युटर नाही, इंग्रजी नाही. प्रत्येकीला साठ गुण दिले आणि सहा रकान्यांत वाटायला सांगितले. मर्यादा कोणतीच घातली नव्हती. तरी नऊपैकी सातजणींनी सर्वांत कमी गुण बळाला दिले. एकीने सहा लिहिले. ही मुलगी रोज खालच्या नळावरून पाणी भरून तीन जिने चढते. शेजारची म्हणाली, "अगं, दोन हंडे घेऊन वर येतेस, आणि तुझं बळ सहा?" तिने खोडून तेरा लिहिलं. आता वरचे सात गुण कुठून आणायचे? तिने ते 'छाप'मधून काढले. छाप म्हणजे दिसणं, असंच बहुतेकींनी धरलं होतं. १९७६च्या त्या लेखातही तेच होतं की! मग छाप म्हणजे काय, यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. रेशनच्या दुकानात जिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं ती छाप, असं त्यांनीच ठरवलं.

दुसरी गोष्ट. काम निवडताना पाचजणींनी जखमा बऱ्या करणारी व्हायचं ठरवलं. कारण विचारलं तर उत्तर एकच, "कोणीतरी करायलाच पाहिजे ना." मला काय आवडेल, हा प्रश्न त्यांना आधी कोणी विचारलेलाच नव्हता.

जखमा बऱ्या करण्याच्या कामाला मी कमी लेखत नाही. उलट या खेळात त्या कामाची किंमत दिसते. ती बाई पडली की टोळी फार काळ टिकत नाही, हे लढणारीलाही माहीत असतं. आणि 'आइसविंड डेल'मध्ये लढाई जिंकल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण टोळीत वाटले जातात. राक्षसावर शेवटचा घाव जिने घातला तिला जेवढे, तेवढेच मागे उभं राहून जखम बांधणारीला. आपल्या घरांत असा हिशोब होतो का? आपल्या संघटनांत तरी होतो का? मोर्च्याच्या पुढे चालणारीचा फोटो येतो. भाकऱ्या थापून पाठवणाऱ्या बायकांची नावं अहवालात शोधून पाहा.

आता आक्षेप. एक मैत्रीण म्हणाली, "दिवसा मारहाणीच्या केसेस घेतेस आणि रात्री तलवार चालवतेस?" प्रश्न योग्य आहे. या खेळात बहुतेक अडचणी मारूनच सुटतात, आणि शत्रू म्हणून काही कुळं जन्मतःच दुष्ट धरलेली असतात. मला ते खटकतं. कागदावर खेळताना आम्ही म्हणून लढाईआधी एक नियम घातला: समोरच्याशी एकदा बोलून पाहायचं. दुसरा आक्षेप, हा खेळ पैसेवाल्यांचा, कॉम्प्युटरवाल्यांचा. कॉम्प्युटरवरचा आहे, खरंच. शिवाय तिथे सहाही बायका एकटी मीच हलवते, कोणी 'नाही' म्हणत नाही. अशी टोळी सोपी असते. कागदावर मात्र प्रत्येकीची बाई तिची स्वतःची असते. ती अडते, भांडते, वेगळ्या वाटेने जाऊ म्हणते. आपल्या कामाला उपयोगी आहे तो हाच प्रकार.

ज्या गटांना किशोरींबरोबर करून पाहायचं असेल त्यांनी वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि फासे घ्यावेत. गोष्ट परीराज्याचीच हवी असं नाही. आमच्या मुलींनी दुष्काळात आटलेली विहीर शोधायला टोळी पाठवली होती. पाच-सहाजणींचा गट पुरतो, दोन तास हाताशी ठेवा. गोष्ट सांगणारी ताई असेल, पण निर्णय मुलींनी घ्यायचे. दुसरीच्या कागदावर कोणीही लिहायचं नाही, ताईनेसुद्धा. आणि कोणी बळाच्या रकान्यात सहा लिहिलं तर तिला लगेच दुरुस्त करू नका. ती रोज काय काय उचलते, ते आधी विचारा.

चहानंतर मी मागच्या खोलीत फासे घेऊन बसणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी या.