हबशी सरदार आणि रिकामी गादी

(रावेर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

रावेरहून आगगाडीने निघाले की थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येते आणि त्याच्या उत्तरेस असीरगड उभा आहे. फारुकी राजांच्या खानदेशाची राजधानी पहिली, तर तिचे कुलूप दुसरा. १७ जानेवारी १६०१ रोजी हा गड अकबराच्या हाती आला, हे पुष्कळांना ठाऊक असते. तोवर तो कोणी लढविला, हे सहसा विचारले जात नाही.

जेझुइट पाद्र्यांच्या हकिकतीनुसार किल्लेदार हबशी होता. राजा बहादूरखान बोलणी करण्यास खाली उतरला, तो मोगलांच्या छावणीतच अडकला. तेव्हा वृद्ध किल्लेदाराने गडावरील सात फारुकी राजपुत्रांना विनविले की, एकाने गादीवर बसावे म्हणजे गड लढता राहील. एकही पुढे झाला नाही. किल्लेदाराने स्वतःचा अंत करून घेतला आणि पुढे लाचेने दरवाजे उघडले. मोगली तवारिखा ही हकीकत निराळी सांगतात, गडावरील रोगराईवर भर देतात. परंतु याकूतखान हबशाचे नाव तेथेही येते.

सात राजपुत्र नकार देत असताना हा लढवय्या स्वतः गादीवर का बसला नाही?

आफ्रिकेला राजेपण अपरिचित होते म्हणून, हे उत्तर टिकणारे नाही. आजच्या सुदानमध्ये नाईलकाठी न्युबियाचे कुश राज्य उभे राहिले. केर्मा ही त्याची पहिली मोठी राजधानी. इ. स. पूर्व १५०० च्या सुमारास इजिप्तच्या फारोंनी ते जिंकले. सोने आणि माणसे उचलून नेली. आठव्या शतकात पिये या कुशी राजाने उलट इजिप्तवर स्वारी केली आणि त्याच्या घराण्याचे राजे फारो म्हणून नांदले. असीरियाच्या फौजांनी इ. स. पूर्व ६६३ च्या सुमारास थीब्ज लुटले, तेव्हा ते दक्षिणेस परतले. पुढे इसवी सनाच्या चौथ्या शतकात अक्सुमचा राजा एझाना न्युबियावर चालून गेला. हे अक्सुम म्हणजे हबशांच्याच मुलखातील जुने राज्य. (केर्मा खणून काढणाऱ्या रायस्नरला मात्र ते इजिप्शियन सुभेदाराचे ठाणे वाटले. काळ्या माणसाची राजधानी समोर असूनही विद्वानाला धनी दुसराच दिसला!)

पिये लढला तो आपल्या भूमीवरून, आपल्या भाऊबंदांसह. दख्खनमध्ये आलेले बहुतेक हबशी बाजारात विकले गेलेले होते. गुलामाला गोत नसते, वतन नसते. म्हणूनच सुलतान त्याच्या हाती किल्ला निर्धास्तपणे देत. ज्या उपटलेपणामुळे त्याला विश्वास मिळाला, त्याच उपटलेपणाने त्याची गादीची वाट अडविली.

मलिक अंबरचे चरित्र याचीच साक्ष देते. इथिओपियात सुमारे १५४८ मध्ये जन्मलेला हा मुलगा बगदादमार्गे अहमदनगरात विकला गेला. त्याला विकत घेणारा पेशवा चंगीजखान स्वतः हबशी होता. १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर अंबरने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसविले, त्याला आपली मुलगी दिली आणि राज्य स्वतः चालविले. मराठा घोडदळ, गनिमी कावा आणि जमिनीची प्रत पाहून ठरविलेला सारा ही त्याच्या सत्तेची मुळे. १६२० मध्ये त्याच्या फौजांनी बऱ्हाणपुराला वेढा घातला. तो उठविण्यास शाहजादा खुर्रमला यावे लागले. रावेरचा हा मुलूख तेव्हा फौजांच्या टापांखाली होता. उभ्या पिकाचे काय झाले असेल, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

जंजिऱ्याचे सिद्दी तेवढे नबाब झाले आणि १९४८ पर्यंत राहिले. त्यांच्यापाशी समुद्र होता, आरमार होते आणि वर मानावयाचा सुलतान दूर होता. अंबरला हे लाभले नाही. जहांगीरने मात्र त्याला मोठा शत्रू मानले: अबुल हसनच्या चित्रात बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून अंबरच्या तोडलेल्या मस्तकावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात ते मस्तक मोगलांना कधीच मिळाले नाही. १६२६ मध्ये अंबर वृद्धापकाळाने वारला आणि खुलताबादेस त्याची कबर झाली.