ओली बाळंतीण आणि हजार विटांचा हिशेब
(पनवेल येथे युवकांच्या बैठकीत एका नर्सने केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मी नर्स. बाळंतपणं करते, तेवढंच बोलणार.

कित्येक गावांत नाळ कापायचं काम आपल्याच बायांच्या गळ्यात होतं. महारामांगाच्या सुईणीनं बाई सोडवायची, घाण उचलायची आणि शिळी भाकर घेऊन निघायचं. वाड्यातल्या पोराला जगातला पहिला हात आपल्या बाईचा लागला. बाराव्याला त्याच हाताचा विटाळ! आणि ही सुईण स्वतः बाळंत झाली तेव्हा तिच्या उशाशी कोण होतं? कुठल्या पोथीत लिहिलंय?

आता आपलं पनवेल बघा. 2016 ला महानगरपालिका झाली, 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं. टॉवर उठले. त्याला विटा लागतात. दिवाळीनंतर नवराबायकोची जोडी उचल घेऊन भट्टीवर येते. हिशेब हजार विटांचा. बाई बसली की विटा घटल्या, उचल अंगावर राहिली.

अशीच एक सात महिन्यांची बाई माझ्याकडं आली. पापणी उलटून बघितली, पांढरीफटक. पाय सुजलेले. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, कार्डावर लिहिलं, 'आराम करावा'. ती हसली. म्हणाली, "ताई, हे मुकादमाला लिहून द्या की." मी गप्प.

पोर दोन किलोच्या आत जन्मलं. असलं पोर आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायचं, दर दोन तासांनी पाजायचं. तीच त्याची ऊब, तेच औषध. बाराव्या दिवशी आई विटा थापायला गेली, पोर गोधडीत राहिलं. ते गेलं. कागदावर कारण पडलं, कमी वजन. मुकादमाच्या हिशेबासाठी तिथं रकाना नव्हता.

महाडच्या तळ्यानंतर दुसऱ्याच वर्षी, जुलै 1928 मध्ये, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या बिलाच्या बाजूनं उभे राहिले. म्हणणं सरळ होतं. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे. खर्च सरकारनं उचलावा, आणि बाईच्या कष्टावर कमावणाऱ्या मालकानंही. 1929 ला मुंबई प्रांतात कायदा झाला. 1961 ला देशाचा झाला. 2017 ला रजा 26 आठवड्यांवर गेली. पण घरकाम करणारी बाई त्या रजेबाहेर. दहाच्या आत माणसं असलेल्या दुकानातली बाहेर. भट्टीवर तर बाईचं नावच वहीत नाही. नवऱ्याच्या नावाखाली ती अर्धी जोडी!

म्हणून पोरांनो, घोषणा द्याच, पण भट्ट्यांवरही चला. पोटुशी बायांची यादी करा. लोहाच्या 180 गोळ्या मिळाल्या का, विचारा. जन्मल्यावर तासाभरात चीक पाजायचा, फेकायचा नाही. सहा महिने आईचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नको. तान्हं दूध ओढेना, अंग गार पडलं, श्वास मिनिटाला 60 च्या वर गेला, तर मुकादमाची परवानगी मागत बसू नका. 108 ला फोन लावा.

आणि मालकाकडं मागा: वहीत बाईचं वेगळं नाव, बाळंतपणाच्या दिवसांची मजुरी, तान्ह्या पोराला सावली. सरकारकडं मागा: या बायांनाही पगारी रजा. भीक म्हणून नको. तिनं थापलेल्या विटांत ते पैसे आधीच जमा आहेत.

यापुढं कार्डावर 'आराम करावा' लिहिताना माझा हात थांबेल. तुम्ही माझ्याबरोबर मुकादमाकडं याल का, एवढंच विचारायला आलेय.

जयभीम.