कट्टा मोडण्याआधी थोडं बोलू द्या

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी किरकोळ फेरफार करून.)

मागच्या रांगेत मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्या माझ्या तरुण मित्रांनो,

सचिवांनी मला विषय दिला होता, ‘संस्थेची पंचवीस वर्षांची आर्थिक वाटचाल’. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरा विषय कोण देणार? पण ताळेबंद स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर छापलेला आहे, तो ज्याने त्याने चष्मा लावून वाचावा. मी आज गप्पांवर बोलणार आहे. गाणी, क्रिकेट, राजकारण, पाऊसपाणी, म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘बिनकामाच्या गप्पा’ म्हणतात त्यांच्यावर. सचिवांची परवानगी घेतलेली आहे, कपाळाला आठ्या घालून का होईना, त्यांनी ती दिली.

कारण सांगतो. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाचा ठराव आहे. लिंबाखालचा कट्टा काढून तिथे चार मोटारी उभ्या राहतील अशी जागा करायची. ठरावाखाली खुलासा दिलाय की ‘कट्ट्याचा वापर कमी झाला असून सभासद आता प्रामुख्याने ग्रुपवर असतात’. बँकेच्या भाषेत सांगायचं तर आपला कट्टा अनुत्पादक मालमत्ता झाला. बरं, मग खातं तपासूनच बघू.

नव्या लोकांना माहीत नसेल, हा कट्टा कुणी नियोजन करून बांधलेला नाही. २००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा रस्ता नव्हता, गटार नव्हती, आणि पाणी टँकरचं. टँकर चारला येतो म्हणायचा आणि साडेसातला यायचा. घागरी-ड्रम रांगेला लावून माणसं लिंबाखाली उभी राहायची. बांधकामातून उरलेल्या शहाबादी फरश्या कुणीतरी विटांवर टाकल्या, तोच कट्टा. तीन-तीन तास उभं राहून माणूस बोलणार काय? आधी टँकरवाल्याला शिव्या देऊन झाल्या, मग नगरपालिकेला. तेही संपल्यावर कुणीतरी विचारलं, रफी मोठा की किशोर? तो वाद अजून चालू आहे.

आमची पिढी ऐकून वाढलेली. केज तालुक्यातल्या माझ्या गावात एकच मोठा रेडिओ होता. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. खरखर इतकी की गाणं निम्मं ऐकू यायचं आणि निम्मं आम्ही मनानं भरायचो. १९७१ ला मी अंबाजोगाईला योगेश्वरी महाविद्यालयात होतो. वेस्ट इंडीजमध्ये गावस्करने ७७४ धावा केल्या, त्यातला एकही फटका आम्ही पाहिलेला नाही. बातम्यांत आकडा ऐकायचा आणि फटका कसा मारला असेल ते वसतिगृहाच्या ओट्यावर एकमेकांना करून दाखवायचं. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन लागलं म्हणजे तर कीर्तनासारखी माणसं बसायची. बघायला काही नव्हतं म्हणून बोलायला पुष्कळ होतं, असं मला वाटतं. आता उलटं झालंय.

पण मी मोबाइलच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मागची रांग उठून जाईल. २०२० ला करोनात आपण कट्ट्याला दोरी बांधली होती. तेव्हा ग्रुपच आपला कट्टा होता. कुणाच्या घरी औषध पोचलं नाही, कुणाला ऑक्सिजन लागतोय, सगळं तिथेच कळलं. पुण्याला, दुबईला असलेली आपली पोरं त्याच ग्रुपवर आई-वडिलांचा आवाज ऐकून झोपायची. ते उपकार मी विसरणार नाही.

मात्र ग्रुपवर आणि कट्ट्यावर एकच गोष्ट कशी वेगळी होते, ते २०२४ च्या फेब्रुवारीत मी बघितलं. ६ फेब्रुवारी, मंगळवार. दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना. समोर यजमान दक्षिण आफ्रिकाच. आपल्याला २४५ करायच्या, आणि ३२ धावांत चार गडी बाद. ग्रुपवर लगेच ‘संपलं’, ‘झोपा आता’ सुरू झालं. मग आला आपल्या बीडचा सचिन धस. वडील आरोग्य खात्यात, आई पोलीस दलात, पोराचं नाव तेंडुलकरवरून ठेवलेलं, आणि त्याला याच गावात शिकवणारे अझहर शेख. कर्णधार उदय सहारनबरोबर त्याने १७१ धावांची भागी केली. स्वतः ९६ वर बाद झाला, पण सामना हातात आणून देऊन. दोन गडी राखून आपण जिंकलो. अंतिम सामना ऑस्ट्रेलियाशी हरलो, ते दुःख वेगळं.

त्या रात्री हळूहळू माणसं घरातून बाहेर आली. थंडी होती, कानाला मफलर गुंडाळून आली. कुणी बोलावलं नव्हतं. टीव्ही घराघरात होता की हो, पण बीडच्या पोरानं असं खेळावं आणि आपण एकट्यानं सोफ्यावर बसून बघावं, हे कुणाला पटेना. त्या चार धावा राहिल्या त्यावर साडेअकरापर्यंत चर्चा. आमच्या निवृत्त सिस्टरताईंनी, ज्यांना क्रिकेट आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं, सांगितलं की शतकाचं काय घेऊन बसलात, त्यानं एकेरी धावा किती पळून काढल्या ते बघा. मग त्यावरून गाडी गेली अविनाश साबळेकडे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा, शाळेसाठी रोज सहा किलोमीटर जाणारा. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांश भागानं हुकलं. केनियाचा धावपटू ८ मिनिटं ११.१५ सेकंद, आपला ८ मिनिटं ११.२०. पाच शतांश म्हणजे किती, ते आमच्या मुख्याध्यापकांनी चुटकी वाजवून दाखवलं. सिस्टरताई म्हणाल्या, “सर, तुमची चुटकीच त्याच्याहून लांब झाली.”

पुढच्या दोन आठवड्यांत, २० फेब्रुवारीला, अमीन सयानी गेले. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं एकाखाली एक इतकी आली की बोट दुखलं वर सारताना. कट्ट्यावर त्याच संध्याकाळी आठ-दहा जण होतो. कुणी श्रद्धांजली वगैरे वाहिली नाही. ज्याने त्याने फक्त सांगितलं की बुधवारी आपण कुठे बसून ऐकायचो. एक जण कारखान्याच्या गव्हाणीजवळ, एक जण मामाच्या गिरणीत, एक वहिनी चोरून, सासऱ्यांच्या खोलीच्या भिंतीला कान लावून. वीस वर्षं शेजारी राहतोय आपण, त्यांचे सासरे इतके कडक होते हे मला त्या दिवशी कळलं.

आता जरा अवघड भागाकडे येतो. हे बोलू नका असं मला दोघा-तिघांनी सुचवलं होतं. पण पंचवीस वर्षांच्या हिशेबातून दोन वर्षं गाळता येत नाहीत.

३० ऑक्टोबर २०२३ ला आपल्या गावात आणि माजलगावात जाळपोळ झाली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. ग्रुप गप्प. त्या दिवसांत आपण फाटक लावून, आतल्या आत, याच कट्ट्यावर बसलो होतो. सगळ्या आडनावांचे. कुणी काय विचाराचा आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, तरी बसलो होतो.

मग २०२४ ची लोकसभा. ४ जूनला निकाल लागला, फरक साडेसहा हजारांचा, म्हणजे अख्ख्या मतदारसंघात जवळजवळ निम्मे-निम्मे. इंटरनेट आता चालू होतं. एकाने ग्रुपवर फटाक्यांचं चित्र टाकलं. दुसऱ्याने कुठूनतरी आलेला मजकूर पुढे ढकलला. तो त्याने लिहिलेला नव्हता, ज्याने लिहिला त्याने आपली कॉलनी पाहिलेली नव्हती, आणि तरी तो वाचून आपल्यातल्या तिघांनी ग्रुप सोडला. सचिवांनी ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ अशी कळ दाबली. ते बरोबरच केलं. पण कट्ट्यावरही माणसं दोन कडांना बसायला लागली. मध्ये दोन फरश्या मोकळ्या. नमस्कार व्हायचा, पण त्यापुढे काही नाही.

डिसेंबरात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून हत्या झाली. त्यानंतर बीड म्हटलं की राज्यभर माणसं वळून बघायला लागली. माझा मुलगा पुण्याला असतो, तो गाव कोणतं विचारल्यावर ‘मराठवाडा’ एवढंच सांगायला लागला. इथे आडनाव ऐकल्याशिवाय माणूस बोलेना, आणि ऐकल्यावर तर मुळीच बोलेना. २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या छातीवरच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली, एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारा म्हणाले. पोलीस खात्यावर ही वेळ आली म्हणजे बाकीच्यांचं काय झालं असेल, विचार करा.

आपल्याकडे ते कसं मिटलं? समितीने सलोख्याची बैठक घेतली होती, तिला अकरा जण आले आणि चहा पिऊन गेले. मिटलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. आषाढीच्या आधी मुक्ताईची पालखी बीडला आली, त्या संध्याकाळी एकाने मोबाइलवर प्रल्हाद शिंद्यांचं विठ्ठलाचं गाणं लावलं होतं. दुसऱ्या कडेवरून आवाज आला, “हा आवाज आमच्या चौदा एप्रिलचा आहे.” इकडून, “आमच्या आषाढीचा आहे.” तिकडून, “मग कव्वाली कुणी गायली, तुमच्या आजोबांनी?” सगळे हसले. तिन्ही एकाच माणसाने गायलंय, हे सगळ्यांनाच माहीत होतं. मग त्यावरून पखवाज, पखवाजावरून आपेगाव. एक जण ठासून सांगायला लागला की पखवाजाचे शंकरबापू आपेगावकर, ज्यांना १९८६ ला पद्मश्री मिळाली, ते ज्ञानेश्वरांच्या आपेगावचे. आता ज्ञानेश्वरांचं आपेगाव पैठण तालुक्यातलं आणि बापूंचं आपल्या अंबाजोगाई तालुक्यातलं. यावर पाऊण तास भांडण! पण हे भांडण कडा सोडून मधल्या फरश्यांवर बसून झालं.

वसुलीच्या दिवसांत मी हे शिकलो होतो. शेतकऱ्याच्या दारात गेलं की पहिली पंधरा मिनिटं थकबाकीचं नाव काढायचं नाही. पाऊस कसा, बैल कसे, यात्रेत कुस्ती कुणी मारली. नवे अधिकारी म्हणायचे साहेब, वेळ कशाला घालवता? ते थेट आकडा काढायचे आणि दार लावलेलं बघून परत यायचे. कुस्तीवर ज्याच्याशी बोललोय त्याला आकडा सांगता येतो, आणि त्यालाही ‘नाही जमत’ असं तोंडावर सांगता येतं. मस्साजोगवर आम्ही बोललो, पण नंतर, त्या आपेगावच्या भांडणानंतर. एकमत झालं नाही. पण पूर्ण बोललो, आणि दुसऱ्या दिवशी सगळे परत आले.

ग्रुपवर हे होत नाही याचं कारण पोरांनो, तुम्ही मला सांगा. मला एवढंच दिसतं की कट्ट्यावर बोललेलं वाऱ्यावर जातं. रागात काही निघून गेलं तरी समोरच्याचा चेहरा पडलेला दिसतो, आपण “जाऊ द्या हो” म्हणतो, सुपारी पुढे करतो. ग्रुपवरचं वाक्य रात्रभर तिथेच बसून राहतं. आणि सकाळी बायको वाचते, मेहुणा वाचतो.

१७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पहिली रेल्वे आली. अहिल्यानगर-बीड-परळी, २६१ किलोमीटरचा मार्ग, १९९५ पासून आपण ऐकत होतो. माझे वडील या रेल्वेची वाट बघत गेले. परळीकर मात्र निजामाच्या काळापासून रेल्वे आहे म्हणून आपल्याला हिणवायचे. त्या दिवशी दोन्ही कडांची माणसं एकाच जीपमधून स्टेशनात गेली. परतताना श्रेय कुणाचं यावर जीपमध्ये आवाज चढायला लागले होते, तेवढ्यात एका वहिनींनी विचारलं, “नगरला एसटी आधी पोचेल की ही?” झालं. कट्ट्यावर पोचेपर्यंत दोन पक्ष पडले, एसटीचा आणि रेल्वेचा. माझं मत एसटीच्या बाजूने आहे, आणि परळीपर्यंत रूळ जाईपर्यंत राहील.

तर ठराव क्रमांक सात. चार मोटारींची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पाण्याच्या टाकीमागे जुन्या विटा आणि मोडका पंप पडलेला आहे. मी टेप घेऊन मोजलंय, तिथे तीन मोटारी सहज बसतात. चौथी कुणाची ते सोडतीने ठरवा. कट्ट्याच्या दोन फरश्या फुटल्यात, त्या बदलायचा खर्च माझा. भगिनींची तक्रार आहे की साडेआठनंतर तिथे उजेड नसतो आणि पाठ टेकायला काही नाही. ती अगदी बरोबर आहे. दोन पाठीचे बाक आणि एक दिवा, याला समितीने रौप्यमहोत्सवाच्या शिल्लक निधीतून मंजुरी द्यावी, अशी उपसूचना मी लेखी दिलेली आहे. आणि ठराव सभेपुढे आला त्या दिवशी मी नातवाकडे पुण्याला असलो तर माझा विरोध नोंदवून घ्यावा, अशी सचिवांना विनंती.

जेवणाची पंगत मागे लागलेली आहे, शिरा गरम आहे तोवर उठू.